राखणदार दिसला पाहिजे

आमच्या शेजारच्या तात्यांना खोकला कधीच नव्हता, तरी ते दिवसभर खोकत असत. डॉक्टरांनी एकदा त्यांची छाती तपासून सांगितलं होतं की असली खणखणीत छाती पन्नाशीच्या माणसाचीही पाहायला मिळत नाही, आणि तात्या तेव्हा सत्तरीच्या घरात होते. ते ऐकून तात्यांनी शांतपणे शर्ट चढवला आणि आपण बाहेर येत आहोत हे बाकावर बसलेल्या पेशंटांना कळावं म्हणून दाराशी जाऊन खोकले.

ओवी आणि नील, तुम्ही तात्यांना पाहिलेलं नाही. पण मागच्या आठवड्यात नीलने तिकडे परदेशात बसल्या बसल्या माझा कॉम्प्युटर दुरुस्त करून दिला आणि जाता जाता पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातली ती हिरव्या ढालीची खूण आत टाकली. मी ती पुन्हा बाहेर काढली. त्याने पुन्हा आत टाकली. मग त्याने फोन करून विचारलं, "आजी, ती आत राहूनही काम करते, मग बाहेर कशाला हवी?" हाच प्रश्न मी एकदा तात्यांना विचारला होता. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी खोकल्याचं सांगते. आपल्या आणि तात्यांच्या घरांच्या मध्ये जांभ्या दगडाचा एक बुटका गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, आहे. तात्या आमच्याकडे यायला निघाले की त्या गडग्यापाशी एकदा खोकत, अंगणात दुसऱ्यांदा आणि पडवीच्या पायरीवर तिसऱ्यांदा. आमच्या घरात त्याची शिस्तच बसून गेली होती. पहिल्या खोकल्याला तुमच्या आजोबांचं आणि माझं जे काही चाललं असेल ते थांबवायचं, दुसऱ्याला पदर सारखा करायचा आणि तिसऱ्याला चहाचं आधण ठेवायचं. तात्या आत येईपर्यंत घर अगदी फोटोत काढल्यासारखं झालेलं असे. गंमत अशी की अनेकदा आम्ही तात्यांबद्दलच बोलत असायचो, आणि ते त्यांना ठाऊक असे. "बोलून झालं ना?" असं विचारूनच ते खुर्चीवर बसत.

देवळातही तेच. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी ते आधी खोकत, मग हात जोडत. तुमच्या आजोबांनी एकदा विचारलं की देवासमोर कसला खोकला. तात्या म्हणाले, "देव झाला म्हणून काय झालं? त्यालाही सावरून बसायला वेळ द्यावा."

तात्यांची कलमांची बाग आमच्या घरामागच्या उतारावर होती. होळी झाली, आंबे डोळ्यांत भरण्याएवढे झाले की सगळेच बागवाले राखणीला लागतात. बाकीच्यांचे राखणदार काळं कांबळं पांघरून, पायांचा आवाज न करता फिरायचे. तात्या मात्र परीटघडीचा पांढरा शर्ट घालून, एका हातात डालड्याचा रिकामा डबा आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन बागेत शिरत. कमरेला ट्रान्झिस्टर बांधलेला, त्यावर शेतकऱ्यांसाठी हवामान नाहीतर नाट्यसंगीत. डबा वाजवायचा, मग खोकायचं, मग थोडं थांबायचं. हे थांबणं चोरासाठी असे. त्याला पिशवी आवरून गडग्यावरून उडी टाकता यावी एवढा अवधी मोजून दिला की तात्या पुढच्या झाडाकडे वळत.

मी शिस्तीची बाई. मला हे पटेना. अशाने चोर कधी सापडायचा, असं मी त्यांना स्पष्ट विचारलं. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विहिरीत साखर टाकायला निघाले आहे.

"चोर पकडायचा नसतो हो वहिनी," ते म्हणाले, "चोर पळायचा असतो. पकडला की तो कोणाचा तरी कोणीतरी निघतो. मग त्याचं काय करायचं ते सांगा."

हे ते उगाच म्हणत नव्हते. त्यांच्या बाबतीत तसं घडलेलं होतं, आणि त्या दिवशी आम्ही सगळे तिथे हजर होतो.

तात्यांना एकच मुलगी, सुमन. तात्यांची बायको लवकर गेली, तेव्हा सुमनला तात्यांनीच वाढवलं. तिचं लग्न केळशीच्या घरात झालं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात केळशीचे व्याही आंबे खायला म्हणून रत्नागिरीला आले. तात्यांनी त्या वर्षी मोठ्या हौसेने एक पगारी राखणदार ठेवला होता. हा गृहस्थ पूर्वी लोट्याला कुठल्याशा कारखान्याच्या फाटकावर होता, आणि आपण किती जणांच्या डब्यांतून काय काय पकडलं याच्या गोष्टी तो अभिमानाने सांगायचा. तो काही डबाबिबा वाजवणारा नव्हता. तो झाडावर चढून पानांत बसायचा.

त्या दुपारी पुरणपोळीचं जेवण झालं. सगळे आडवे झाले. व्याही शतपावली करायला बागेत गेले. एका कलमाला हाताशीच एक आंबा पिवळा होऊन लोंबत होता. व्याह्यांनी तो तोडला, देठ पुसला आणि तोंडाला लावला. त्याच क्षणी राखणदार वरून त्यांच्या पुढ्यात पडला. व्याही आपण खरोखरीच कोण ते सांगू लागले, पण असं सगळेच सांगतात असं त्याचं म्हणणं. त्याने त्यांना त्यांच्याच उपरण्याने कलमाला बांधलं आणि आळी जमेपर्यंत शिट्टी फुंकली.

आम्ही धावत गेलो. व्याही झाडाला बांधलेले, मिशीला रस, हातात अर्धा आंबा. तुमचे आजोबाच पुढे होऊन म्हणाले, "हे झाड जरा आंबट निघतं. तुम्ही पलीकडचं घ्यायचं होतंत." यापेक्षा ते गप्प राहिले असते तर बरं झालं असतं, हे मी त्यांना पुढे बरीच वर्षं ऐकवलं.

व्याही संध्याकाळच्या एसटीने परत गेले. पुढे दोन वर्षं केळशीहून सुमनला माहेरी पाठवलं नाही. तात्यांनी राखणदाराला त्याच दिवशी घरी पाठवलं, पण त्याने काय होणार. "मी राखण लावली आंब्याची," ते म्हणत, "आणि चोरीला गेली लेक." त्या दिवसापासून ते स्वतः राखण करू लागले आणि त्या दिवसापासूनच खोकू लागले.

पुढे सुमनच्या नवऱ्याला मस्कतला नोकरी लागली आणि जाण्यापूर्वी निरोप घ्यायला म्हणून सगळे एकत्र आले. येणं-जाणं सुरू झालं. पण झाल्या गोष्टीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, आणि ती तशीच आत राहिली. व्याही रत्नागिरीला आले आणि पानात आंबा पडला की म्हणत, "नको, मला मधुमेह आहे." मग शिरा तीनदा मागून घेत.

आता कॉम्प्युटरकडे येते. दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली होती. तुमचा बाबा तिकडे जायच्या आधी एक कॉम्प्युटर आमच्यासाठी मांडून गेला. मी त्याला वरून घालायला झालरीचं कव्हर शिवलं. परदेशी फोन करणं तेव्हा महाग काम होतं, त्यामुळे तुमच्या बाबाच्या ई-मेलच्या पत्रांसाठीच ती सोय होती. पण महिन्याभरातच सुमनचीही पत्रं आमच्याच पत्त्यावर येऊ लागली. मराठी पत्र, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. मी ते मोठ्याने वाचायची आणि तात्या टोपी काढून, मांडीवर ठेवून ऐकायचे. सुमनने आज काय केलं, तिच्या मुलाचा कितवा दात पडला, तिकडे कोथिंबीर कशी मिळते. हे ऐकण्यासाठी तात्या आठवडाभर थांबलेले असत. मुलीकडे जाण्यायेण्याची त्यांना तेवढी एकच वाट होती.

बाबाने जाण्यापूर्वी तात्यांना कॉम्प्युटर दाखवला होता. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी एक चिमुकली हिरवी ढाल होती. तात्यांनी विचारलं हे काय. बाबा म्हणाला, तो अँटीव्हायरस. पत्रांबरोबर काही वाईट आत शिरू नये म्हणून राखण करतो. राखण हा शब्द ऐकताच तात्या खुर्ची पुढे ओढून बसले. झोपतो का? नाही. काही खायला लागतं का? वर्षातून एकदा पैसे भरले की झालं. मग तात्यांनी चष्मा वर करून त्या ढालीकडे जवळून पाहिलं आणि पसंती दिली. "शहाणा आहे. बघा, दारातच उभा आहे. दिसतोय."

तेव्हापासून तात्या आले की आधी त्या कोपऱ्याकडे पाहून मान हलवत, मग माझ्याकडे. कॉम्प्युटर सुरू करण्यापूर्वी ते पडद्यासमोर एकदा खोकतही. आत कोणी व्हायरस असलाच तर तो निघून जावा एवढाच हेतू.

माझी अडचण वेगळी होती. मला तो कोपरा बघवत नसे. तुम्हाला माझे चमच्यांचे खण माहीत आहेत. तिथे घड्याळाशेजारी कर्णा होता, प्रिंटर होता, सारखे लुकलुकणारे दोन बारके पडदे होते, ही ढाल होती, आणि आणखी एक काहीतरी, जे काय आहे ते बाबालाही सांगता आलं नाही. लग्नाच्या मांडवाबाहेर चपला पडाव्यात तसं ते दिसायचं. मी मदतीची पानं वाचून काढली आणि मला हवं ते सापडलं. प्रत्येक चित्रापुढे लिहिलेलं होतं, ते नेहमी दाखवायचं की नेहमी लपवायचं. मी एकेकापुढे 'ऑलवेज हाइड' निवडत गेले. अखेर कोपऱ्यात एक बारकासा बाण आणि घड्याळ एवढंच उरलं. मला इतका आनंद झाला की मी तुमच्या आजोबांना बोलावून दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं, "वेळ बरोबर आहे," म्हणाले आणि पेपर वाचायला निघून गेले.

संध्याकाळी गडग्यापाशी, अंगणात आणि पायरीवर खोकून तात्या आले. कोपऱ्याकडे पाहून मान हलवायला गेले ती मान तशीच राहिली.

"वहिनी, राखणदार कुठाय?"

मी सांगितलं की आहे, आत आहे, काम चालू आहे, फक्त दिसत नाही. आत राहूनही तो तेवढंच काम करतो, मग बाहेर कशाला हवा? तात्या खुर्चीवर हळूच बसले.

"म्हणजे लपून बसलाय."

"लपून नाही हो तात्या. नुसता आत आहे."

"झाडावरचाही आतच होता," तात्या म्हणाले.

सुमनचं पत्र आलेलं होतं, पण राखणदार दारात दिसल्याशिवाय ते पत्र उघडू देईनात. मी त्यांना बाण दाखवला. बाणावर टिचकी मारली की आतली सगळी चित्रं घसरत बाहेर येतात. ती आली, ढालही आली, तात्यांचा जीव भांड्यात पडला आणि मी वाचायला घेतलं. पण त्या यंत्राची अशी तऱ्हा होती की थोडा वेळ गेला की बाहेर आलेली चित्रं आपली आपण पुन्हा आत जायची. मी वाचत होते, "बाबा, परवा मला ताप आला होता, पण आता..." आणि तात्यांनी हात वर केला. "थांबा. तो आत गेला."

त्या दिवशी सुमनचा ताप उतरायला फार वेळ लागला.

मग तात्यांनी माऊस शिकून घेतला. कॉम्प्युटरचं दुसरं काहीही ते शेवटपर्यंत शिकले नाहीत. पण दोन्ही हातांनी माऊस धरून, जीभ दातांत पकडून, तो बाण नेमका गाठायला मात्र शिकले. मी वाचायची आणि ते शेजारी बसून राखणदाराला पुन्हा पुन्हा बाहेर काढायचे. ते गेले की कोपरा पुन्हा माझ्या मनासारखा स्वच्छ व्हायचा. मी तडजोडही करून पाहिली. माझ्या डबीतली एक हिरवी टिकली घेऊन मी पडद्याच्या कोपऱ्यावर चिकटवली आणि म्हटलं, घ्या, आता कायम दिसेल. तात्यांनी टिकली नखाने खरवडून पाहिली. मग म्हणाले, "वहिनी, बुजगावणं कुठलं आणि राखणदार कुठला, एवढं मला कळतं." तुमचे आजोबा पेपरामागे हसत होते. पेपर हलत होता, त्यावरून कळलं.

असे काही महिने गेले. त्या वर्षी मे महिन्यात सुमन, जावई आणि नातू सुट्टीवर येणार होते आणि पहिले पंधरा दिवस रत्नागिरीलाच राहणार होते. तात्यांनी नातवासाठी झोपाळ्याचे दोर बदलून घेतले. ज्याला व्याह्यांना बांधलं होतं त्या आंबट कलमावर त्या वर्षी नेमका सगळ्यांत जास्त मोहर होता.

आणि मार्चअखेर सुमनची पत्रं थांबली.

पहिल्या आठवड्यात आम्ही म्हटलं कामात असेल. दुसऱ्या आठवड्यात म्हटलं नातू आजारी असेल. तात्या रोज येत. हळूहळू पायरीवरचा खोकला बंद झाला, मग अंगणातला. नुसते गडग्यापाशी एकदा खोकायचे आणि येऊन उभे राहायचे. पत्र नाही म्हटलं की, "असू दे, असू दे," म्हणत परत जायचे. चहाचं आधण तसंच उकळत राहायचं.

मग एक दिवस पत्र आलं. जावयांचं होतं, त्यांच्या ऑफिसातून पाठवलेलं, आणि खऱ्याखुऱ्या इंग्रजीत होतं. मी ते तात्यांना मराठीत सांगत गेले. जावयांनी लिहिलं होतं की आमची पत्रं आपल्या घरी चालत नाहीत असं आम्हाला आपल्याकडून पुन्हा पुन्हा कळवण्यात आलं आहे. यापूर्वी माझ्या वडिलांच्या बाबतीत जे घडलं ते आम्ही विसरलो होतो. आता विसरणं कठीण आहे. सुट्टीत आम्ही केळशीलाच राहू.

तात्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. आपण कधी काय कळवलं, हे दोघांनाही समजेना. आम्ही तर पत्र येत नाही म्हणून झुरत होतो.

तात्यांनीच माऊस ओढला. बाण गाठला, चित्रं बाहेर आली, आणि ढालीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ह्याला विचारा."

मी ढालीवर टिचकी मारली. तिने आपला सगळा पराक्रम समोर मांडला. मस्कतला सुमनच्या घरच्या कॉम्प्युटरला कीड लागली होती आणि तिथून निघणाऱ्या प्रत्येक पत्राला ती चिकटून येत होती. आमच्या राखणदाराने ती दरवेळी पकडली होती आणि तिच्याबरोबर सुमनचं पत्रही नष्ट केलं होतं. एवढ्यावर तो थांबला नव्हता. प्रत्येक खेपेला त्याने पत्र पाठवणाऱ्याला आमच्या नावाने एक खलिताही धाडला होता. तो इंग्रजी खलिता मी तात्यांना सांगितला, "तुम्ही पाठवलेल्या पत्रात घातक वस्तू सापडली आहे. ती जप्त करून नष्ट करण्यात आली आहे. पुन्हा असं करू नये."

हे सगळं माझ्या त्या स्वच्छ कोपऱ्याच्या आत चाललं होतं. बाहेर नुसतं घड्याळ दिसत होतं, आणि वेळ बरोबर होती.

तात्यांनी चष्मा वर करून ढालीकडे पुन्हा जवळून पाहिलं.

"वहिनी," ते म्हणाले, "हा तोच आहे. नाव बदलून आलाय."

मला वाईट वाटलं, पण मी ताबडतोब कामाला लागले. जावयांना सगळं समजावून सांगणारं पत्र मी लिहून काढलं. कीड म्हणजे काय, ती कशी लागते, ढाल काय करते, खलिता आपोआप कसा जातो, आणि यात कोणाचाही दोष कसा नाही. असलाच तर तो मस्कतच्या कॉम्प्युटरवर राखण न ठेवणाऱ्याचा. सगळं मुद्देसूद. तात्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एकूण एक शब्द बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणूनच पाठवू नका. मागच्या वेळीही आम्ही बरोबरच होतो."

मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि स्वतः मजकूर सांगितला. मी जसाच्या तसा लिहून घेतला. तो मला अजून पाठ आहे.

"जावईबापूंना आशीर्वाद. आमच्या घरचा राखणदार नवा आहे, माणसं ओळखत नाही. मागचाही ओळखत नव्हता. त्याला घालवला होता. याला आत लपून बसायची खोड होती, ती आजपासून मोडली आहे, दारात उभा केला आहे. तुम्ही याल तेव्हा ओळख करून देतो. तुमच्या वडिलांना सांगा, त्या कलमाला यंदा फार आंबे धरले आहेत. एकही काढलेला नाही. आणि त्या झाडापाशी यंदा मी खोकणार नाही."

मी लिहायची थांबले. तात्या खिडकीतून बाहेर पाहत होते. मी चित्रांची ती यादी उघडली आणि ढालीपुढे 'ऑलवेज शो' निवडलं. आपोआप खलिते धाडण्याची त्याची खोडही शोधून बंद केली. पत्र पाठवणार एवढ्यात तात्यांनी मला थांबवलं, पडद्यावर वाकून एकदा खोकले आणि म्हणाले, "हां, आता जाऊ दे. तिकडे कोणी बसलेलं असेल, तर सावरून घेईल."

उत्तर आलं नाही. एप्रिल गेला. तात्या खोकत होते, पण बागेच्या एका कोपऱ्यात गेले की डबा बगलेत धरून, तोंडाला पंचा लावून मुकाट्याने वळसा घालत. आळीतल्या पोरांना ही बातमी लागली असती तर त्या झाडावर एक आंबा राहता ना. पण कसं कोण जाणे, त्या झाडाला कोणी हात लावला नाही.

मे महिन्यात एका दुपारी जेवणाच्या वेळेला तात्यांच्या दारात गाडी थांबली. सुमन उतरली, नातू उतरला, जावई उतरले आणि सगळ्यांत शेवटी केळशीचे व्याही. कळवलं कोणीच नव्हतं. माझ्याकडून भात आणि आमटी तिकडे गेली, तात्यांकडे तळणीचे सांडगे होते, जेवणं झाली. जेवताना सगळे हवापाण्याचं बोलत होते. मग व्याही उठले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि शतपावली करायला म्हणून एकटेच बागेत गेले.

आम्ही सगळे पडवीत बसून राहिलो. तात्या बागेकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसले होते. त्यांना खोकायची इतकी उबळ आली होती की चेहरा लाल झाला होता. पंचाचा बोळा तोंडाशी धरून ते नुसते डुलत होते. सुमन त्यांची पाठ चोळत होती आणि तिचीही नजर रस्त्याकडे होती. वानराने एखादी फांदी हलवली तरी सगळे दचकायचे.

बऱ्याच वेळाने व्याही परत आले. मिशीला रस होता. दोन्ही हातांत एकेक आंबा होता, आणि ते अजिबात लपवलेले नव्हते. पायरीवर ते थांबले.

"काय हो तात्या," व्याही म्हणाले, "तुमच्या बागेला राखण नाही वाटतं?"

"आहे की," तात्या म्हणाले. "आज रजेवर आहे."

मग तात्या खोकले. इतक्या दिवसांचा साठलेला सगळा खोकला त्यांनी एका दमात काढला. झोपाळ्यावरचा नातू घाबरून रडायला लागला आणि व्याही हसता हसता पायरीवरच बसले. त्या दिवसापासून त्यांचा मधुमेह बरा झाला.

संध्याकाळी तात्यांनी जावयांना आमच्याकडे आणलं. कॉम्प्युटर सुरू करायला लावला आणि ढालीसमोर त्यांना उभं केलं. "हे आमचे जावई," तात्यांनी ढालीला सांगितलं. "मस्कतला असतात. नीट बघून घे. यांना अडवायचं नाही." जावई इंजिनियर. पण त्यांनी चेहरा जराही न हलवता ढालीला नमस्कार केला. तात्या बाहेर गेल्यावर मला हळूच म्हणाले, "काकू, कीड आमच्याकडचीच होती. आमच्याकडे राखणदार नव्हताच." हे मला माहीत होतं. पण तात्यांच्या हाताखाली मीही थोडी शिकले होते, म्हणून मी म्हटलं, "असं का? मला काही कल्पना नाही."

जावयांनी परत गेल्यावर तिकडेही राखणदार बसवला आणि सुमनची पत्रं नेमाने येत राहिली. तात्या आले की कोपऱ्याकडे पाहून मान हलवत. मीही तो कोपरा पुन्हा आवरायला गेले नाही. बाकी सगळी चित्रं आत, आणि घड्याळाशेजारी एकटी ती ढाल, असं आमचं कायमचं ठरून गेलं. खरं सांगायचं तर ते दिसायलाही नीटनेटकं होतं.

काही वर्षांनी, नवरात्राच्या आसपास, एका सकाळी गडग्यापाशी खोकला ऐकू आला नाही. अंगणात नाही, पायरीवर नाही. मी वाट पाहून तुमच्या आजोबांना पलीकडे पाठवलं. तात्या झोपेतच गेले होते. देवळात जातानाही आधी कळवणारा माणूस, पण जाताना एकदाही खोकला नाही. आम्हाला सावरून बसायला त्यांनी वेळच दिला नाही.

सुमन दुसऱ्या दिवशी पोचली. मी पडवीतून पाहत होते. ती गाडीतून उतरली, गडग्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. घरात आता कोणीच नव्हतं. तरी ती आधी खोकली आणि मग आत गेली.

तर नील, ती ढाल बाहेर का असते, ते हे असं आहे. त्यानंतर माझे तीन कॉम्प्युटर झाले. प्रत्येक नवा कॉम्प्युटर राखणदाराला आपणहून आत लपवतो, आणि प्रत्येक वेळी मी पहिलं काम करते ते त्याला दारात आणून उभं करण्याचं. आता तूही ती आत टाकू नकोस.

आणि आणखी एक. मागच्या वर्षी मी तुमच्याकडे आले होते तेव्हा तुमच्या खोल्यांच्या दाराशी सारखी खोकत होते, म्हणून तुमच्या आईने मला दोनदा डॉक्टरांकडे नेलं आणि ते कडू औषध महिनाभर पाजलं. तिला काळजी वाटली, ते चांगलंच आहे. पण पुढच्या खेपेला ती बाटली आणू नका म्हणावं. मला खोकला नाही. तुम्हाला सावरून बसायला वेळ देते आहे.